अपडेट होऊ दे, पण विचारून

'अपडेट' हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटात चार कामं असतात. प्रोग्राम आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, नवीन काही आलंय का. आलं असेल तर ते उतरवून घेतो. मग जुन्या फायली काढून नव्या बसवतो. शेवटी स्वतःला, आणि कधी अख्ख्या संगणकाला, बंद करून पुन्हा सुरू करतो. तपासणी, डाउनलोड, बसवणं आणि रीस्टार्ट अशा या चार पायऱ्या.

प्रत्येकाचा त्रास वेगळ्या पायरीवर असतो. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्याला डाउनलोड नडतं. दुपारी भारनियमन असलेल्या गावात अपडेट बसत असतानाच वीज गेली की फायली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या राहतात. काउंटरवर बिलिंग करणाऱ्याला रीस्टार्ट नको असतो. आणि ज्याचं काम एका ठरावीक आवृत्तीवर अवलंबून आहे, त्याला नवी आवृत्ती बसायलाच नको असते. बहुतेक लोक वैतागून चारही पायऱ्या एकदम बंद करतात. चूक तिथे होते. तपासणी चालूच राहायला हवी, कारण ती बंद झाली की आपल्या प्रोग्राममध्ये हल्लेखोरांना शिरता येईल असं भोक पडलंय हे कळायची वाटच बंद होते. थांबवायचं आहे ते पुढचं: न विचारता उतरवणं, बसवणं आणि रीस्टार्ट करणं.

परवानगीचा आग्रह का धरायचा, हे एका घटनेत नीट दिसतं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या असंख्य कंपन्यांचे संगणक ठप्प झाले. तिथे कराच्या कामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एम-ई-डॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची अपडेट यंत्रणा हल्लेखोरांनी आधीच ताब्यात घेतली होती. लोकांनी कुठली संशयास्पद लिंक उघडली नव्हती. 'नॉटपेट्या' हा संगणक निकामी करणारा घातक प्रोग्राम त्यांच्याकडे रीतसर अपडेटच्या वाटेने आला. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्यात सापडलं आणि त्याच समूहाकडून चालवलं जाणारं आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही अडलं. मर्स्कला ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

हीच घटना उलट बाजूनेही वाचायला हवी. आत शिरल्यावर नॉटपेट्या ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक वाट म्हणजे विंडोजमधलं असं भोक होतं, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. म्हणजे एका सॉफ्टवेअरचं अपडेट आपोआप झालं म्हणून रोग आला, आणि दुसऱ्याचं झालंच नाही म्हणून तो पसरला. त्यामुळे 'सगळं चालू' आणि 'सगळं बंद' ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत.

सगळीच उदाहरणं हल्ल्याची नसतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आपोआप पोहोचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. यात एक बारकावा आहे. मुख्य प्रोग्राम एक आवृत्ती मागे ठेवायचं सेटिंग अनेक संस्थांनी आधीच निवडलं होतं. पण ही फाइल त्या सेटिंगच्या कक्षेतच येत नव्हती. आपण एक दार बंद करतो आणि त्याच घराला दुसरं दार असतं, हा अनुभव अपडेटच्या बाबतीत वारंवार येतो.

आणि काही वेळा बिघाड नसतोच, कंपनीचा निर्णय असतो. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी विंडोज १० वरचा इंटरनेट एक्स्प्लोरर कायमचा बंद केला गेला, तो एज ब्राउझरच्या अपडेटमधून. अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या प्रोग्राममधून टाइप-१ या जुन्या घडणीच्या फाँटचा आधार काढून घेतला. ज्या छापखान्यांकडे जुन्या मराठी मजकुराच्या फायली आणि त्यांचे फाँट त्या घडणीचे होते, त्यांच्यासाठी नवी आवृत्ती बसणं म्हणजे जुन्या कामात मूळ फाँट वापरता न येणं. अशा ठिकाणी आधी विचारलं जाणं हा कामाचाच भाग आहे.

आधी गुपचूप काम करणारा शोधा

काही बंद करण्यापूर्वी कोण, कधी, काय बसवतोय ते पाहा. विंडोजमध्ये स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' दिसतं. त्यात तारखेनुसार चौकटी असतात. एखाद्या दिवसावर क्लिक केलं की त्या दिवशी काय बसलं, काय कोसळलं त्याची यादी खाली येते. 'गुरुवारपासून प्रिंटर चालत नाही' अशी तक्रार असेल तर बुधवार-गुरुवारच्या चौकटी उघडा. गुन्हेगार बऱ्याचदा तिथेच सापडतो. विंडोजच्या स्वतःच्या अपडेटसाठी सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी ही जागा वेगळी आहे.

प्रोग्राम स्वतःला अपडेट करायला चार ठिकाणांहून जागा होतो. पहिलं ठिकाण म्हणजे तो प्रोग्रामच, उघडल्याबरोबर. दुसरं सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारं काम. तिसरं टास्क शेड्यूलर, जिथे 'रोज अमुक वाजता' किंवा 'लॉग-इन झाल्यावर' अशी नोंद असते. चौथं स्टार्टअप यादी. एकाच प्रोग्रामच्या दोन-तीन ठिकाणी नोंदी असणं अगदी सामान्य आहे, म्हणून 'मी तर बंद केलं होतं' असं वाटत राहतं.

आणखी एक गोष्ट लोकांना बुचकळ्यात टाकते. काही प्रोग्राम ॲडमिनचा पासवर्ड न मागताच बदलतात. त्याचं कारण ते 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसलेलेच नसतात, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये असतात. गप्पांची आणि मीटिंगची बरीच ॲप अशी बसतात. त्या फोल्डरमध्ये लिहायचा अधिकार वापरणाऱ्याला असतो, म्हणून त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामलाही असतो. अशा प्रोग्रामचा 'सर्वांसाठी' किंवा 'सिस्टिम' प्रकारचा इंस्टॉलर मिळत असेल तर तो वापरा. मग फायली बदलायला बहुतेक वेळा ॲडमिनची परवानगी लागते.

विंडोज: होम आणि प्रो यांचं गणित वेगळं

होम आवृत्तीत अपडेट कायमचं थांबवायची अधिकृत सोय नाही. ते लांबवता येतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, तिथे 'पॉज अपडेट्स'समोर एक ते पाच आठवडे निवडता येतात. विंडोज १० मध्ये एका क्लिकला ७ दिवस, असं ३५ दिवसांपर्यंत. मुदत संपली की आधी साचलेली अपडेट घ्यावी लागतात, मगच पुन्हा पॉज करता येतं. पॉज असतानाही विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या व्हायरस-यादीची अपडेट येत राहतात, आणि ती यावीतच.

त्याच पानावर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' हा खटका असतो. तो बंद ठेवा. चालू असेल तर इतरांच्या आधी तुम्ही नव्या गोष्टींची चाचणी करणारे होता.

मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. 'ॲक्टिव्ह अवर्स' आपोआप ठरू न देता हाताने भरा. जास्तीत जास्त १८ तासांचा पट्टा देता येतो, म्हणजे सकाळी ८ ते रात्री २ असा. या वेळेत विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. 'नोटिफाय मी व्हेन अ रीस्टार्ट इज रिक्वायर्ड' चालू करा, 'गेट मी अप टू डेट' बंद. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये इतर संगणकांशी देवाणघेवाण बंद करा. त्यात इंटरनेटवरच्या संगणकांचाही समावेश निवडलेला असेल, तर तुमच्या डेटामधून अनोळखी लोकांना अपडेटचे तुकडे पाठवले जातात. मोजका डेटा असलेल्याला ते परवडत नाही.

हॉटस्पॉटवाल्यांसाठी सर्वात कामाचा उपाय म्हणजे जोडणी 'मीटर्ड' ठरवणं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज, तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू. यानंतर विंडोज मोठी डाउनलोड थांबवून ठेवतं. अगदी आवश्यक असं थोडं काही तरीही उतरू शकतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. हे सेटिंग त्या एका नेटवर्कपुरतं असतं, मित्राच्या फोनच्या हॉटस्पॉटवर गेलात की पुन्हा करावं लागतं. आणि मीटर्ड जोडणीवर वनड्राइव्हचं सिंकही थांबतं. 'फाइल ऑफिसच्या संगणकावर पोहोचलीच नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच निघतं.

प्रो आवृत्ती असेल तर खरं नियंत्रण मिळतं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, रोमन अक्षरांत 'जीपीएडिट डॉट एमएससी' टाइप करा. ग्रुप पॉलिसीची खिडकी उघडेल. डावीकडे कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट असं उतरत जा. विंडोज ११ मध्ये त्याखाली 'मॅनेज एंड यूजर एक्स्पीरियन्स' हा आणखी एक फोल्डर आहे. तिथे 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' उघडून 'एनेबल्ड' करा आणि खालच्या यादीतून पर्याय २ निवडा. इथे पुष्कळ जण 'डिसेबल्ड' करतात. तसं केलं तर सूचनाच येत नाही आणि महिनोन्महिने संगणक उघडा पडतो. पर्याय २ मध्ये सूचना येते, डाउनलोड तुम्ही म्हणाल तेव्हा. मात्र त्याचं पूर्ण नाव 'नोटिफाय फॉर डाउनलोड अँड ऑटो इन्स्टॉल' असं आहे: एकदा डाउनलोडला होकार दिला की बसवणं आपोआप होतं. उतरवून ठेवा पण बसवताना विचारा, असं हवं असेल तर पर्याय ३.

बदल लागू झाला का, हे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या 'कॉन्फिगर्ड अपडेट पॉलिसीज'मध्ये दिसतं. विंडोज अपडेटच्या पानावर 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या नियंत्रणात आहेत' अशा अर्थाची ओळ आली तर घाबरू नका. ती संस्था म्हणजे तुम्हीच.

दरमहा येणारी सुरक्षा दुरुस्ती आणि वर्षाकाठी येणारी नवी आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हवी आणि दुसरी नको असेल, तर विंडोज अपडेटखालच्या 'मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट' या फोल्डरमध्ये 'सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' आहे. एका चौकटीत 'विंडोज ११', दुसरीत सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक भरा. संगणक त्याच आवृत्तीवर राहतो आणि मासिक दुरुस्त्या घेत राहतो. हे कायमचं नाही. विंडोज ११ च्या होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने आधार असतो, त्यानंतर पुढे सरकावंच लागतं. या दोन पॉलिसींमुळे बहुतेक तक्रारी मिटतात. घरचा लॅपटॉप घेताना होम आणि प्रोच्या किमतीतला फरक या एका कारणासाठीही विचारात घ्यावा.

'विंडोज अपडेट' ही सर्व्हिसच बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो टिकत नाही. तिच्या जोडीला 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' असते. तिचं कामच मोडलेली अपडेट यंत्रणा दुरुस्त करणं आहे आणि तिच्या दृष्टीने तुम्ही बंद केलेली सर्व्हिस म्हणजे मोडलेलीच. मेडिक बंद करायला गेलात तर 'ॲक्सेस डिनाइड' येतं. मग लोक कुठलं तरी 'अपडेट ब्लॉकर' उतरवतात आणि अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला ॲडमिनचे पूर्ण अधिकार देतात. मूळ प्रश्नापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.

इतर प्रोग्राम

मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये फाइल, अकाउंट, अपडेट ऑप्शन्स, 'डिसेबल अपडेट्स'. पुढे हाताने अपडेट करायला गेलात आणि 'अपडेट नाउ' दिसलं नाही, तर आधी त्याच यादीतून 'एनेबल अपडेट्स' करा. ऑफिसचं नियंत्रण कंपनीच्या आयटी विभागाकडे असेल तर ही यादी दिसणार नाही.

अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमध्ये प्रेफरन्सेस, ॲप्स, 'ऑटो-अपडेट'. नवी मोठी आवृत्ती घेताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुन्या आवृत्त्या काढून टाकायची खूण असते, ती काढा. मग जुनी आणि नवी शेजारी शेजारी राहतात आणि चालू काम जुन्यावर पूर्ण करता येतं. ॲक्रोबॅटसाठी मात्र सर्व्हिसेसची यादी उघडून 'अडोबी ॲक्रोबॅट अपडेट सर्व्हिस'चा स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' करावा लागतो. पीडीएफ वाचणारा प्रोग्राम ईमेलमधून आलेल्या फायली उघडतो, त्यामुळे हे केलंत तर हाताने अपडेट करायची शिस्तही पाळा.

कोड लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या प्रोग्राममध्ये सेटिंग्जमध्ये 'अपडेट मोड' शोधून 'मॅन्युअल' करा. पण एक्स्टेन्शनचं, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचं, अपडेट हे वेगळं सेटिंग आहे, 'एक्स्टेन्शन्स ऑटो अपडेट' या नावाचं. घराच्या दुसऱ्या दाराचं हे नेमकं उदाहरण.

ब्राउझरबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: अपडेट थांबवू नका. दिवसभर अनोळखी ठिकाणची सामग्री उघडणारा तो एकच प्रोग्राम आहे आणि त्यातली भोकं हल्लेखोर दुरुस्ती येण्याआधीपासून वापरत असतात. क्रोम नवी आवृत्ती उतरवून ठेवतो, लागू होते ती तुम्ही तो बंद करून उघडल्यावर. तेवढं नियंत्रण पुरेसं आहे. विचारूनच करायचं असेल तर फायरफॉक्स घ्या: सेटिंग्ज, जनरल, फायरफॉक्स अपडेट्स, तिथे 'चेक फॉर अपडेट्स बट लेट यू चूज'. बदल कमी हवेत पण सुरक्षा पूर्ण हवी, तर फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती आहे. तिच्यात मोठा बदल साधारण वर्षातून एकदा येतो आणि सुरक्षा दुरुस्त्या चालू राहतात. कार्यालयं आणि संगणक प्रशिक्षण केंद्रांसाठी तीच योग्य.

ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनकडे मात्र बारीक लक्ष हवं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ निर्मात्याने २०२० मध्ये दुसऱ्याला दिलं, नव्या मालकाची आवृत्ती आपोआप सगळ्यांकडे पोहोचली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक म्हणून बंद करावं लागलं. फायरफॉक्समध्ये प्रत्येक ॲड-ऑनचं आपोआप अपडेट वेगळं बंद करता येतं. क्रोममध्ये तसा खटका नाही, म्हणून न लागणारी एक्स्टेन्शन काढून टाकणं हाच इलाज.

मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, 'ऑटोमॅटिक अपडेट्स'शेजारचं आय चिन्ह दाबा. मॅकओएस बसवायचा आणि ॲप स्टोअरचा खटका बंद करा. 'सिक्युरिटी रिस्पॉन्सेस अँड सिस्टिम फाइल्स' चालू राहू द्या.

उबुंटूमध्ये दोन यंत्रणा समांतर चालतात. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मधल्या अपडेट्स टॅबवर सुरक्षा दुरुस्ती फक्त उतरवायची की बसवायचीही ते ठरवता येतं. पण 'स्नॅप' या दुसऱ्या यंत्रणेतून बसलेल्या प्रोग्रामवर (पॅकेजवर) त्याचा काही परिणाम होत नाही. स्नॅप दिवसातून चार वेळा स्वतःच तपासून बदलतं. टर्मिनलमध्ये स्नॅप रिफ्रेश, मग दोन डॅश लावून होल्ड आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की ते एक पॅकेज थांबतं. नाव न देता सगळ्यांनाच थांबवता येतं, आणि होल्डऐवजी अनहोल्ड लिहिलं की पूर्ववत.

जबरदस्तीचे उपाय कुठे फसतात

टास्क शेड्यूलरमधली नोंद 'डिलीट' करू नका, 'डिसेबल' करा. पुसलेली नोंद प्रोग्राम पुन्हा तयार करतो आणि आपल्याला कळतही नाही. फायरवॉलमधून अपडेटचा पत्ता अडवणं त्याहून अवघड असतं, कारण त्याच पत्त्यावरून अनेकदा लायसन्सची पडताळणी किंवा लॉग-इनही होतं. मग पैसे भरून घेतलेला प्रोग्राम काही दिवसांनी 'ट्रायल संपली' म्हणतो, आणि तोवर आपण काय अडवलं होतं ते विसरलेलो असतो. असं काही केलंच तर तारीख आणि केलेला बदल एका वहीत लिहून ठेवा.

एखादं यंत्र, समजा लेथचं नियंत्रण किंवा प्रयोगशाळेतलं उपकरण, ठरावीक जुन्या आवृत्तीवरच चालत असेल, तर त्या संगणकाची इंटरनेटची वायर काढणं हा सर्वात खात्रीचा उपाय. पेन ड्राइव्ह मात्र दुसऱ्या संगणकावर तपासूनच लावा.

आपला वार ठरवा

मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्या अमेरिकेतल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते, साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा. त्या आठवड्यात थांबा. काही बिघडत असेल तर ते चार-पाच दिवसांत जगभर कळतं. मग पुढच्या शनिवार-रविवारी, लॅपटॉप चार्जरला लावून आणि कामाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन, अपडेट करा. प्रत घ्याच: ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० आवृत्तीने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली पुसल्या होत्या आणि मायक्रोसॉफ्टला ती मागे घ्यावी लागली होती. आत्ता हल्ल्यांमध्ये वापरलं जाणारं भोक बुजवणारी दुरुस्ती असेल, तर मात्र शनिवारची वाट पाहू नका.

इतर प्रोग्रामसाठी विंडोजच्या टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत 'विंगेट अपग्रेड' टाइप करा. कोणाची नवी आवृत्ती आलीय याची यादी मिळते; बसत काहीच नाही. ज्याला हात लावायचा नाही तो 'विंगेट पिन ॲड' आणि नाव देऊन बाजूला ठेवता येतो.

बसवल्यावर बिघडलंच, तर अपडेट हिस्टरीच्या तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. मासिक दुरुस्ती तिथून काढता येते. अख्खी नवी आवृत्ती बसली असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' मिळतं, पण फक्त १० दिवस. या दहा दिवसांत जागा मोकळी करायला म्हणून डिस्क क्लीनअप चालवून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर खूण केलीत, तर ते बटण त्याच क्षणी जातं.